हाराखालची चावी

मित्रांनो, आमच्या वर्कशॉपच्या दारातून आत आलात की आधी तुमचं लक्ष काचेच्या खोलीकडे जाईल. तिथे नवं सीएनसी मशीन आहे, संगणकावर चालणारं आणि एसीत बसणारं. त्याच्याबरोबर फोटो काढून झाले की जरा डावीकडे वळा. खिडकीखाली हिरवा रंग उडालेला, तेलाने काळवंडलेला जो उभा आहे तो मी, एक जुना लेथ. कुंभार चाकावर माती फिरवून तिला आकार देतो, तसा मी लोखंड फिरवतो. माझ्याबद्दल एवढं समजलं तरी पुरे.

मी तुम्हाला माझी कहाणी सांगणार आहे, पण ती सगळी माझी नाही. गेले काही महिने एका मुलीची गोष्ट माझ्या पोटात अडकून बसली आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका फाउंड्रीतला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, थंड झाल्यावर साचा फोडला आणि मी बाहेर आलो. मग कारागिरांनी माझी पाठ घासघासून अशी सपाट केली की तिच्यावर ठेवलेली पट्टी कुठे हलायची नाही. उमेदीची वर्षं मी एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये काढली. हंगाम सुरू झाला की मोडलेले शाफ्ट, झिजलेले पिन यांची माझ्यापुढे रांग लागायची. मला विसावा कसला तो माहीत नव्हता. कामगार मला शिव्याही द्यायचे आणि माझ्याशिवाय त्यांचं पानही हलायचं नाही. तो काळ मी फार ऐटीत काढला. पुढे कारखान्यात माझ्याहून मोठी यंत्रं आली आणि मला इथे, तालुक्याच्या गावातल्या सरकारी आयटीआयला देऊन टाकलं.

आमच्या गावाच्या एका अंगाला कालव्याचा हिरवागार ऊस आहे आणि दुसऱ्या अंगाला आटपाडीकडचं कोरडं रान. दोन्हीकडची मुलं आमच्याकडे येतात. कुणाला सांगली-साताऱ्याच्या कॉलेजात जागा मिळालेली नसते, कुणाला घर सोडून लांब जाता येत नाही, कुणाला लवकर हाताला काम हवं असतं. लोक म्हणतात, काहीच जमलं नाही म्हणून आयटीआयला गेला. हे ऐकलं की मला फार राग येतो. मी या मुलांचे हात पाहिले आहेत. पहिल्या महिन्यात त्यांना साधा गज सरळ धरता येत नाही आणि दोन वर्षांनी तीच मुलं केसाएवढा फरक बोटाने ओळखतात. मागे एक जुना विद्यार्थी पुण्याहून पेढे घेऊन आला होता. स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं म्हणाला, आणि सगळ्यांदेखत त्याने माझ्या डोक्याला कपाळ टेकवलं. त्या दिवशी काचेच्या खोलीकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

पण असे दिवस कमी. काचेची खोली आल्यापासून माझ्याकडे कुणाला जायला नको असायचं. गेल्या वर्षी टर्नरची, म्हणजे लेथवरचं काम शिकणाऱ्यांची, नवी तुकडी आली तेव्हा मुलांनी पळापळ करून बरी बरी मशीनं धरली आणि मी उरलो. माझ्या वाट्याला दोघं आली. एक बिरदेव, कारण त्याची आटपाडीकडची एसटी उशिरा पोचली. दुसरी क्रांती, कारण तुकडीत ती एकटीच मुलगी होती आणि तिच्याबरोबर जोडी लावायला मुलं लाजत होती.

क्रांती ऊसवाल्या घरातली. तिचे वडील नाथाजी फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. मुलगी टर्नर होणार म्हटल्यावर भावकीने गलका केला होता. पोरीच्या जातीला मशिनीवर कशाला, उद्या हात गेला तर कोण करून घेईल, असं बरंच काही. आमचे शिक्षक हरी सर मूळचे सांगलीचे, स्वभावाने चांगले, पण त्यांनीही प्रवेशाच्या वेळी शिवणकामाच्या वर्गाचं सुचवून पाहिलं होतं. नाथाजी सगळ्यांना पुरून उरले. माझी पोरगी लोखंडच कापणार, असं म्हणून त्यांनी तिला इथे आणून सोडलं. त्यामुळे क्रांती पहिल्या दिवसापासून जपून वागायची. आपली एक चूक झाली तर सगळे म्हणतील, बघा, आम्ही सांगत नव्हतो? ही धास्ती तिच्या मानेवर कायम बसलेली असे.

बिरदेवाचं घर मेंढरांवर चालणारं. त्याला माझा आवाज कळायचा. कळपात कुठलं मेंढरू खोकतंय हे अंधारातही ओळखणारा मुलगा तो, माझ्या पोटातलं बेअरिंग कुरकुरतंय हे त्याला लगेच कळायचं. तेल घालून झालं की तो माझ्यावर थाप मारायचा. क्रांतीचं मोजमाप पक्कं होतं आणि ड्रॉइंग तिला पाठ असे. तिने गज माझ्यात बसवायचा, त्याने बटण दाबायचं, असं त्यांचं ठरून गेलं होतं. दुपारी दोघं डबे अदलाबदल करायची. तिच्या घरच्या गुळावर त्याचा डोळा होता आणि त्याच्या बाजरीच्या भाकरीवर तिचा. माझ्या म्हातारपणी मला ही जोडी मिळाली याचा मला आनंद होता.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. ज्यात लोखंडाचा गज पकडायचा त्या माझ्या डोक्यापुढच्या फिरत्या जबड्याला चक म्हणतात. चक आवळायला एक जाडजूड चावी असते, इंग्रजी टी अक्षरासारखी. काम झालं की ती चावी काढून खिळ्याला टांगायची. ती चकमध्ये राहिली आणि मशीन चालू केलं, तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. समोर कोण आहे ते ती बघत नाही. म्हणून हरी सर रोज एकदा तरी ओरडायचे, चावी एकतर हातात नाहीतर खिळ्यावर.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी कुणी बटणाला हात लावायचा नाही. मशीनं धुवायची, पुसायची, हळदकुंकू लावायचं, हार घालायचे. दसऱ्याची सुट्टी संपून वर्ग भरला की सर दारात नारळ फोडतात आणि म्हणतात, करा चालू. मग सगळी मशीनं हारांसकट एकदम सुरू करायची, क्षणभर फिरवून बंद करायची आणि त्यानंतर हार उतरवायचे. हा आमच्या वर्कशॉपचा जुना रिवाज. हार नेहमी फिरत्या भागापासून लांब, वरच्या डोक्यावर किंवा मोटारीच्या झाकणावर घालतात, म्हणून कधी काही बिघडलं नव्हतं.

बिरदेव खंडेनवमीला नव्हता. त्याच्या गावी देवाचा उत्सव होता, म्हणून आदल्या दिवशी माझ्यावरचं काम उरकून तो घाईघाईने एसटीला पळाला होता. जाताना त्याने चावी खिळ्याला टांगली. मी पाहिलं आहे. ती टांगल्याचा खट्ट असा आवाजही मला आठवतो.

त्या दिवशी क्रांतीने मला एकटीने पुसलं. संस्थेने आणलेला जाडजूड हार काचेच्या खोलीला गेला आणि माझ्या वाट्याला उरलेल्या फुलांची एक लहानशी माळ आली. ते तिला लागलं. तिने घरच्या शेतातला झेंडू पिशवी भरून आणलाच होता. तिने बसून एक भरगच्च हार ओवला आणि माझ्या डोक्यावर घातला. पण माझं डोकं गुळगुळीत. हार घातला की घसरायचा, पुन्हा घातला की पुन्हा घसरायचा. शेवटी तिने खिळ्यावरची चावी काढली, चकमध्ये उभी रोवली आणि तिच्यावर हाराचा मधला गुच्छ अडकवला. हार डोक्यावरून खाली झुलला आणि चावी फुलांखाली दिसेनाशी झाली. हरी सर फेरी मारताना थांबले. म्हातारबुवांना या वेळी नवरदेव केलंस की, म्हणाले. क्रांती लाजली. खरं सांगतो, मीही फुगलो. नारळ फुटायच्या आधी हार काढून चावी जागेवर लावायची, असं तिने मनाशी ठरवलं होतं. ती तसं पुटपुटली तेव्हा ते मी ऐकलं.

सुट्टी संपली. वर्ग भरला त्या सकाळी सगळी तुकडी आपापल्या मशीनपाशी उभी राहिली. सरांनी क्रांतीला बोलावून तिच्या हातात आरतीचं तबक दिलं, तू एकटीच मुलगी आहेस, तूच ओवाळ म्हणाले. ती दाराशी गेली आणि त्या गडबडीत चावीचं तिच्या डोक्यातून निघून गेलं. तेवढ्यात बिरदेव एसटीतून उतरून धापा टाकत आला आणि माझ्यापाशी उभा राहिला. इतर मशीनांवर होते तसाच हा हार आहे असं त्याला वाटलं. त्याने माझ्या नव्या हाराकडे पाहून हसून थाप मारली. नारळ फुटला. सर म्हणाले, करा चालू.

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडता आलं असतं तर मी आयुष्यभर गप्प बसायला तयार होतो. बिरदेवाने बटण दाबलं. चक फिरला. झेंडूच्या पाकळ्या चहूकडे उधळल्या आणि त्यातून चावी सुटली. ती त्याच्या उजव्या मनगटावर बसली. आवाज फार मोठा झाला नाही. बिरदेव नुसता खाली बसला आणि हात पोटाशी धरून राहिला. माझ्याच अंगातून ती चावी गेली होती, हे मी कसं विसरू?

सगळे धावले. सरांनी माझं बटण बंद केलं. घाबरलेल्या माणसाचा आवाज रागासारखा येतो तसा त्यांचा आला. चावी चकमध्ये कुणी ठेवली, असं त्यांनी विचारलं. क्रांती तबक घेऊन गर्दीच्या मागे उभी होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती बोलणार असं मला वाटलं. पण तिच्याआधी बिरदेव बोलला.

"माझ्याकडनंच राहिली आसंल, सर. जाताना गडबडीत हुतो."

सर वळले. क्रांती, मशीन तू पुसलंस ना, तुला चावी दिसली नाही, असं त्यांनी विचारलं. दोन्हीकडच्या पोरांनी तिच्याकडे पाहिलं. तिने तबकातलं निरांजन उगाच सरळ केलं.

"माझं लक्ष न्हाई गेलं, सर," ती म्हणाली.

मनगटाचं हाड मोडलं होतं. बिरदेवाला प्लास्टर घातलं आणि त्याचा भाऊ त्याला गावी घेऊन गेला. हरी सरांनी त्याला रागावून काही म्हटलं नाही, पण उरलेल्या तुकडीला रोज त्याचंच उदाहरण द्यायला सुरुवात केली. पोरं तर पोरंच. कुणी चावी जागेवर लावायला विसरला की दुसरा ओरडायचा, ए, बिरदेव करू नको रं. मग सगळे हसायचे. आठवड्याभरात तो शब्द वर्कशॉपभर रूढ झाला. हसण्यात क्रांती नसायची. ती मान खाली घालून माझ्यावर फडकं फिरवत राहायची.

आता ती माझ्यावर एकटीच काम करायची आणि तिचं एकही काम धड होत नव्हतं. मोजमापात कधी न चुकणारी मुलगी गज ठरल्यापेक्षा बारीक कापून ठेवायची. बटण दाबायच्या आधी चक बघायची, दोन पावलं मागे जायची, पुन्हा येऊन बघायची. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. एकदा खिळ्यावरची चावी हातात घेऊन ती कितीतरी वेळ नुसती उभी होती. तिच्याबद्दल मला राग होता, तो काही लपवणार नाही. पण तिची दया यायची ती त्याहून जास्त. ती एक वाक्य बोलली असती तर भावकीचा गलका खरा ठरला असता, नाथाजींची मान खाली गेली असती आणि तिला शिवणकामाच्या वर्गात बसवलं असतं. असं तिला वाटत होतं. आणि दिवसामागून दिवस जात होते तसं ते वाक्य जड होत होतं. पहिल्या दिवशी तिला नुसती चूक सांगायची होती. आता चूकही सांगायची होती आणि खोटंही.

एके दिवशी नाथाजी वर्कशॉपमध्ये आले. मुलीचं काम कसं चाललंय ते बघायला आले होते. सरांनी त्यांना अपघाताची हकिगत सांगितली आणि पोरगा घाईगडबडीचा निघाला म्हणून हळहळ व्यक्त केली. नाथाजी ऐकून घेत होते. मग त्यांनी मान हलवली.

"आवं सर, त्या पोराला बोल लावू नका. चूक झाली तवा त्यो पळाला न्हाई, समद्यांदेखत हात वर केला. फौजेत आमी आसली माणसं आपल्या शेजारी मागून घ्यायचो."

क्रांती माझ्या पलीकडच्या बाजूला होती. तिच्या हातातलं फडकं एकाच जागी फिरत राहिलं. वडील तिच्या डोक्यावरून हात फिरवून, तू बी तशीच शिस्तीत राहा, असं सांगून निघून गेले. ते गेल्यावर ती माझ्याआड खाली बसली आणि तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडली. बाहेर कुणाला कळलं नाही.

थंडी पडायला लागली तेव्हा बिरदेव आला. प्लास्टर निघालं होतं. मनगट बारीक झालेलं दिसत होतं, पण बोटं हलत होती. मला वाटलं, आता हा पुन्हा थाप मारेल. तो माझ्याजवळ आला नाही. तो आपला दाखला काढून न्यायला आला होता. आता पुढे मेंढरंच राखणार, असं त्याने सरांना सांगितलं. सर अगदी काकुळतीला आले. हात बरा झालाय, गेलेला अभ्यास मी भरून घेतो, असा एका चुकीने कुणी शिक्षण सोडतं का, असं ते परोपरीने सांगत होते. सगळ्या मशीनांचा आवाज बंद पडला होता आणि तुकडी ऐकत होती.

बिरदेव म्हणाला, "हाताचं काय न्हाई सर. मला माझाच भरवसा न्हाई राहिला. आज माझ्या हातावर बसली. उद्या माझ्यामुळं दुसऱ्या कुणाच्या डोक्यात बसली तर?"

सरांनी त्याला हाताला धरून माझ्यापुढे आणलं. एकदा चालू करून बघ, भीती मोडेल, असं ते म्हणाले. क्रांती बाजूला सरकली. चक मोकळा होता, चावी खिळ्यावर होती, सगळं सगळ्यांना दिसत होतं. तरी बिरदेवाने चकमध्ये पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं, पुन्हा चकमध्ये पाहिलं. मग हात बटणाकडे नेला. तो हात असा कापायला लागला की त्याने तो दुसऱ्या हाताने धरला. माझा आवाज ओळखणारा मुलगा माझ्यापुढे उभा राहून मला घाबरत होता. त्याने हात मागे घेतला आणि दाराकडे वळला.

"चावी मी लावली हुती."

क्रांती इतक्या हळू बोलली की पुढच्या दोघातिघांनाच ऐकू गेलं. मग ती पुन्हा बोलली, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"खंडेनवमीला हार घसरत हुता. खिळ्यावरची चावी काढून मी चकमधी लावली आन् तिला हार आडकवला. बिरदेवानं न्हाई ठेवली. सरांनी इचारलं तवा मी खोटं बोलले."

हरी सर मटकन स्टुलावर बसले. बिरदेव दारातून परत आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. तो तिच्यावर धावून जाईल असं मला वाटलं आणि तसं झालं असतं तर मी त्याला दोष दिला नसता. पण त्याने आवाजही चढवला नाही.

"तवाच का न्हाई बोललीस?"

"मला काढून टाकतील म्हणून भ्या वाटलं."

बिरदेव आपलं मनगट चोळू लागला. मग म्हणाला, "हाड मोडलं त्याचं मला काय वाटत न्हाई. पन मेंढरामागं हिंडताना मी रोज त्यो दिवस आठवायचो. चावी काढून खिळ्याला लावल्याली मला साफ दिसायची. खट्ट वाजल्यालं बी आठवायचं. आन् मग मीच मला म्हनायचो, खोटं हाय, तू सोताला वाचवायला रचतुयास. मी मलाच खोटं ठरवलं, क्रांती. दोन म्हैने."

जिने त्याला डब्यातला गूळ दिला होता, तिनेच त्याच्याकडून त्याची खरी आठवण काढून घेतली होती. ज्याला अंधारात कळपाचा खोकला कळतो त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरला नव्हता. तुकडीतल्या पोरांच्या माना खाली गेल्या होत्या. त्यांनी त्याच्या नावाचा शब्द करून ठेवला होता.

हरी सर उठले तेव्हा एकदम थकलेले दिसले. बटण दाबायला मी सांगितलं, असं ते सगळ्या तुकडीला म्हणाले. हाराचं कौतुक केलं आणि खाली काय आहे ते बघायचं मलाच सुचलं नाही. रोज चावीच्या नावाने ओरडणारा मी, आणि तपास न करता एका मुलाला दोषी धरलं, असंही ते म्हणाले. त्यांनी बिरदेवापुढे हात जोडले. तो संकोचून मागे सरला. क्रांतीला त्यांनी शिवणकामाच्या वर्गात पाठवलं नाही. पण मी सांगेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, दुसऱ्यांची कामं मोजायची आणि मशीनं पुसायची, असं बजावलं. तिने मान डोलावली. शिक्षा मिळाल्यावर एखाद्याचा चेहरा हलका होतो, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नाथाजी तिच्याबरोबर दारापर्यंत आले. बिरदेव दिसल्यावर त्यांनी आपल्या मुलाचे धरावेत तसे त्याचे दोन्ही खांदे धरले आणि तसेच उभे राहिले. क्रांती शेजारी होती. घरी काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. तिचे डोळे सुजलेले होते, एवढं मी पाहिलं.

बिरदेवाने दाखला नेला नाही. सरांनी त्याला पुन्हा माझ्यापाशी दिलं. सुरुवातीला तो बटण दाबायचा आणि लगेच बंद करायचा. हळूहळू हात स्थिरावला. एकदा माझं बेअरिंग कुरकुरलं तर त्याने मान तिरकी करून ऐकलं आणि तेलाची बुधली आणली. त्या वेळी मला काय वाटलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. क्रांतीला पुढे पलीकडच्या टोकाचं मशीन मिळालं. मधल्या सुट्टीत ती एकदा माझ्याजवळ आली. बिरदेव एकटाच भाकरी खात होता. मला माफ कर, असं ती म्हणाली. त्याने घास गिळला आणि सरळ तिच्याकडे पाहिलं.

"मला आजून राग हाय. गेला की मीच सांगीन."

ती बरं म्हणाली आणि आपल्या जागी गेली. अजून त्याने सांगितलेलं नाही. ती रोज वाट बघते. मीही बघतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राने शेवटी तुमच्याकडे तेलपाणी मागावं, रंग मागावा, पुसून ठेवा म्हणावं अशी रीत आहे. तेही करा, मला हवंच आहे. पण त्याआधी माझं एक ऐका. तुमच्या हातून काही घडलं असेल आणि ते दुसऱ्या कुणाच्या नावावर पडलं असेल, तर तो माणूस आज कुठेतरी रानात, नाहीतर घरात बसून स्वतःलाच खोटं ठरवत असेल. त्याच्याकडे जा. उशीर झाला असला तरी जा. तो तुम्हाला माफ करील की नाही ते त्याच्यावर सोडा, पण त्याचं खरं त्याला परत द्या. मला त्या सकाळपासून सगळं माहीत होतं. चावी कुणी टांगली, कुणी काढली, सगळं मी पाहिलं होतं, आणि एक चांगला मुलगा मेंढरांमागे झिजत असताना मी इथे खिडकीखाली उभा होतो. मला तोंड नाही, मित्रांनो. तुम्हाला आहे.